आठवं चाक

आमच्या घरात मुलांसाठी काहीही घ्यायचं तर ते वाढत्या अंगाचं घ्यायचं, असा नियम होता. शाळेचा फ्रॉक पहिल्या वर्षी पोटऱ्या झाकायचा, दुसऱ्या वर्षी बेताचा व्हायचा आणि तिसऱ्या वर्षी वर्गातल्या बाई घरी चिठ्ठी पाठवायच्या. बुटांच्या टोकाला कापूस कोंबलेला असायचा. सगळं बालपण कापसावर चालत काढलं, असं सांगितलं की हल्लीच्या मुलांना आम्ही फार लाडात वाढलो असं वाटतं. तेव्हा जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या बाबीमामाने परदेशातून माझ्यासाठी चाकांचे बूट आणले, ते दोन नंबर मोठे होते यात त्याची काही चूक नव्हती. तो याच घरातला, म्हणजे आईचाच भाऊ होता.

चाकांचे बूट म्हणजे स्केट्स. पण इमारतीतल्या गुजराती मुलांकडे होते तसे नव्हेत. ते लोखंडी, चपलेवर पट्ट्यांनी बांधायचे, पुढे दोन मागे दोन अशा चाकांचे असत आणि सिमेंटवरून जाताना रद्दीवाल्याच्या हातगाडीसारखे वाजत. मामाचे काळे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, आणि चारही चाकं एका रांगेत. सोसायटीत तोवर तशी वस्तू कुणी पाहिली नव्हती. मी पाय घालून बघितला. आत आणखी एक पाय मावला असता. आई म्हणाली, "छान आहेत की. पुढे कापूस घालू."

माझे बाबा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स फिटर होते. त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, एका बोटाने चाकाला टिचकी मारली आणि कानाशी धरला. बाबा चांगली वस्तू बघत नसत, ऐकत. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि बाबांच्या चेहऱ्यावर ते भाव आले जे लोकांच्या चेहऱ्यावर देवळात येतात. "काय बेअरिंग हा!" ते म्हणाले. ते मूळचे मालवणकडचे. बाहेर शुद्ध बोलायचे आणि घरात, विशेषतः आनंद झाला किंवा राग आला की, गावाला जायचे. मग त्यांनी माझ्या टाचेमागच्या पोकळीत दोन बोटं घातली, ती आरामात आत गेली, आणि त्यांनी निकाल दिला. "कापूस नाय. ढिलो नट आणि ढिलो बूट, दोनय माणसाक मारतत. पाय मोठो होयसर माळ्यार."

पाय मोठा व्हायला चौदा महिने लागले. दर महिन्याच्या एक तारखेला, आंघोळीनंतर, बाबा मला ब्राऊन पेपरवर उभं करत आणि पेन्सिल अगदी सरळ धरून माझ्या पावलाभोवती फिरवत. आधीच्या महिन्याच्या पावलावर नवं पाऊल ठेवून फरक बघत आणि मान हलवत. मी अंगठा हळूच पुढे ताणायची. तेही त्यांना कळायचं. आई जाता-येता म्हणायची, "लोक लक्ष्मीची पावलं काढतात, आमच्याकडे हे आहे." मी रात्री झोपताना पायाला तेल लावत असे, कारण तेलाने केस वाढतात हे मला माहीत होतं. आज माझे पाय आमच्या घराण्यात सगळ्यात मोठे आहेत आणि चपला मिळायची पंचाईत होते, तेव्हा मला त्या खोबरेलाचा संशय येतो.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मागच्या खिडकीतून वसाहतीतले पत्रे दिसत. दिवसभर तिथून एका प्रेसचा आवाज यायचा, धप्प, मग चार सेकंद काही नाही, मग धप्प. पाहुणे दचकत, आम्हाला तो बंद पडला की दचकायला व्हायचं. डोक्यावरून विमानं जायची. विमानतळ इतका जवळ की विमान आलं की बोलणं ऐकूच येत नसे, म्हणून आमच्याकडे सगळे वाक्याच्या मध्ये थांबत आणि विमान गेलं की जिथे सोडलं तिथून पुढे बोलत. आईबाबांची भांडणंसुद्धा अशीच चालत. मला वाटतं त्यामुळेच ती टिकली नाहीत; एवढा वेळ तोंड बंद ठेवून रागावून राहणं कठीण असतं. आई मात्र तो वेळ वाया घालवत नसे. तिची सगळ्यात धारदार वाक्यं विमानानंतर यायची.

रविवारी सकाळी बाबा वर्सोव्याला खाडीवर गळ टाकून बसत. दुपारी दोन लहानशा बोयी स्वतः पकडलेल्या आणि अर्धा किलो मांदेली कोळणीकडून घेतलेली, असे परत येत. आई दोन्ही वेगवेगळं शिजवायची, म्हणजे मानापमान नको. गळाचा तंगूस, तो पारदर्शक नायलॉनचा दोरा, एका लाकडी रिळाला गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेला असायचा. तो कुणी तोडायचा नाही असा बाबांचा नियम होता आणि पापडाच्या डब्यापासून पडद्यापर्यंत घरातल्या सगळ्या गोष्टी आईने त्यानेच बांधलेल्या होत्या.

अखेर पाय भरला. माळ्यावरून स्केट्स उतरले आणि मला वाटलं आता मी धावणार. बाबांनी गादी खाली घातली.

"आधी पडूक शीक," ते म्हणाले. "चलूक कोणय शिकता."

आठ दिवस मी फक्त पडले. गुडघे वाकवायचे, आधी गुडघ्यावर यायचं, मग कोपरावर, मग तळहात, बोटं वर उचललेली. मागे कधी पडायचं नाही. बाबा स्वतः पडून दाखवत. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या आणि आईला बाजूला घेऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. बाबांनी कारखान्यातून आणलेल्या चामड्याचे तुकडे आणि फोम जोडून गुडघ्यांचे आणि कोपरांचे पॅड शिवले. हातात वेल्डरचे मोजे. डोक्यावर पिवळं हेल्मेट, ज्याच्यावर 'सुरक्षा प्रथम' असं छापलेलं होतं. अशा थाटात मी पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा गावठाणातली माझी मैत्रीण ब्लॉसम कठड्यावर बसून चिंचा खात होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"नंदे, स्लॅब कितव्या मजल्याचा भरायचाय?"

"गप गं."

"नाही, मी विचारते यार. डबा घेतलास ना?"

पण महिन्याभरात मला ते जमलं आणि ब्लॉसमचा विनोद आटला. गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत उतार होता. वरून सुटायचं, वारा हेल्मेटच्या भोकांतून शीळ घालायचा, आणि भिंतीच्या अलीकडे उजव्या पायाची टाच दाबून मागचा रबरी ब्रेक टेकवायचा. त्या सात-आठ सेकंदांत मी मरोळमध्ये नसे. कुठे असे ते मला अजून नेमकं सांगता येत नाही.

घरी आल्यावर मात्र मी थेट कारखान्यात असे. बाबांनी वही केली होती. वरती सुवाच्य अक्षरात 'देखभाल', खाली रकाने: तारीख, यंत्र, काम, बिघाड, कारण, जबाबदार, सही. दर रविवारी जेवणानंतर वर्तमानपत्र अंथरून स्केट्स उघडायचे. चाकांची आतली कड लवकर झिजते, म्हणून डाव्याची उजव्याला, पुढची मागे अशी फिरवायची. ब्रेकचा रबर पट्टीने मोजायचा. बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुवायच्या, कापडावर वाळवायच्या, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. दुसरा थेंब टाकला की बाबा म्हणत, "तळूक नाय घातलंलो." रॉकेलसाठी त्यांनी पहिल्या रविवारी आईची स्टीलची वाटी घेतली. ती वाटी मग आईने त्यांच्याच पानाला ठेवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी त्यांनी गपचूप नवी आणली.

आणि शेवटचा नियम, जो वहीत नव्हता. पायात घालण्याआधी आठही चाकं एकेका बोटाने फिरवायची आणि ऐकायची. उजवीकडची चार, डावीकडची चार. "मशीन बोलता गो," बाबा म्हणत. "बिघडायच्या आदी एकदा तरी सांगता. आपणाक आयकूक व्हया."

आईचा नियम एकच होता आणि त्याला रकाने नव्हते. "रक्त दिसलं की माळा." पॅडवर ओरखडे पडोत, फ्रॉक फाटो, पण रक्ताचा एक थेंब दिसला की स्केट्स वर. यातली गोम मला पुरती ठाऊक होती. बूट आता बरोबर बसत होते. माळ्यावर गेले आणि आईचं मन वळायला वर्ष लागलं, तर तोवर पाय पुढे निघून गेलेला असणार. चौदा महिने वाट बघून जे मिळालं होतं ते एकदा वर गेलं की कायमचं जाणार होतं.

आता सबनीसकाका. ते आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. निवृत्त होईपर्यंत ते कुठल्याशा कार्यालयात फाइलींवर शेरे मारत आणि निवृत्त झाल्यावर शेऱ्यांसाठी त्यांना आम्ही उरलो होतो. त्यांच्या कारकिर्दीत सोसायटीत तीन उद्घाटनं झाली होती: पत्रपेट्यांचं, पाण्याच्या पंपाचं आणि दुरुस्तीनंतर पुन्हा त्याच पंपाचं. त्या वर्षी मागच्या बाजूची जुनी पडकी शेड पाडून तिथे गुळगुळीत कोबा घातला गेला. कमिटीच्या कागदात त्याला 'क्रीडासंकुल' म्हटलं होतं. दोन बॅडमिंटन खेळणारे आणि एक बघणारा एवढी त्यात जागा होती. संगमरवरी फलक मात्र असा भारदस्त होता की त्याच्यासाठी वेगळी भिंत बांधावी लागली. मुहूर्त दसऱ्याचा, संध्याकाळी पाच.

अष्टमीला ते घरी आले. आईने चहा दिला. नवरात्रात आमच्याकडे मासे बंद असत, त्यामुळे बाबा आठ दिवस दुधी खाऊन कुणाशीही मवाळ बोलायच्या अवस्थेत होते.

"आपल्या नंदिनीनं ते चाकांवरून येऊन मला कात्री द्यायची," सबनीसकाका म्हणाले. "फीत कापायला. कसं दिसेल! आधुनिक!"

"पाहुणे कोण आहेत?" आईने विचारलं.

"तिघांना विचारलं होतं, तिघेही त्या दिवशी व्यस्त आहेत. तेव्हा कमिटीनं मलाच विनंती केली आहे." कमिटीत तेव्हा तेच होते आणि एक बहिरे खजिनदार.

बाबा म्हणाले, "दसऱ्याला स्केट्स पूजेत असतात. हत्यारं पूजेला लागली की त्या दिवशी चालवायची नाहीत. आमच्या कारखान्यात प्रेससुद्धा बंद असतो."

हे खरं होतं. आमच्याकडे दसऱ्याला पाटावर सगळं मांडलं जायचं: बाबांचे पाने, पक्कड, आईचं शिलाई मशीन, माझी गणिताची वही, जिला हात न लावणं हा मला सगळ्यात भावणारा धर्म होता. बाबा देवभोळे नव्हते. पण वर्षातून एक दिवस यंत्राला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, याला ते फार मानत.

"अहो, दोन मिनिटांचा प्रश्न," सबनीसकाका म्हणाले. मग विमान आलं. सगळे थांबले. विमान गेल्यावर काकांनी आवाज बदलला. "इंजिनिअरसाहेब, तुमच्याच देखरेखीखाली होईल सगळं. मी भाषणात तसा उल्लेखही करणार आहे."

बाबांना आयुष्यात कुणी इंजिनिअरसाहेब म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या कारखान्यातल्या इंजिनिअरला बेअरिंग कुठून उघडते हे ते गेली वीस वर्षं सांगत आले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाले, "कात्री नाही. चालत्या माणसाच्या हातात धारेची वस्तू नाही म्हणजे नाही." त्या कात्रीवर ते अर्धा तास भांडले. गोल टोकाची कात्री, म्यानातली कात्री, ताटात ठेवलेली कात्री, सगळ्या त्यांनी फेटाळल्या. शेवटी कात्री काकांच्या खिशात राहील आणि मी पुष्पगुच्छ नेईन असं ठरलं. बाबा जिंकले. जिंकल्याच्या आनंदात आपण मूळ मुद्दा सोडून दिला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माणसाची दक्षता मोजकीच असते असं मला पुढे वाटायला लागलं. एका कात्रीवर ती सगळी खर्च होऊ शकते.

दसऱ्याच्या सकाळी आईने पूजा मांडली. झेंडूचे हार करताना सुती दोरा संपला, तर तिने सवयीने खिळ्यावरचं रीळ घेतलं आणि तंगूस तोडला. स्केट्सना तिने छोटे छोटे हार केले आणि ते चाकांमधून ओवून घट्ट बांधले, कारण मागच्या वर्षी शिलाई मशीनचा हार घसरून निरांजनात गेला होता. हळद, कुंकू, अक्षता. खरं सांगायचं तर ते स्केट्स इतके सुंदर त्यांच्या जन्मात कधी दिसले नव्हते.

पावणेपाचला मी पाटावरून ते उचलले. खाली लाउडस्पीकर खरखरत होता, ब्लॉसम जिन्यातून हाका मारत होती, "नंदे, चल ना, तुझे मुख्य पाहुणे आरशात बघून आले!" बाबा झब्बा घालत होते, तो झब्बा लग्नानंतर पहिल्यांदाच बाहेर निघाला होता. मी हार ओढले, ते तुटले, फुलं निघाली. पायात घालण्याआधी मी बोट लावलं, हाताच्या सवयीने. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात. सगळी गायली. आठवं, डाव्या पायाचं मागचं, अर्धा वेढा फिरलं, एकदा खोकलं आणि थांबलं.

मी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच.

बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "तपासलंस मा?"

आता बघायला लागलं तर पाना आणायचा, चाक काढायचं. बाबा म्हणणार, आज नाही. आणि खाली सगळी सोसायटी उभी होती, गुजराती मुलं त्यांचे लोखंडी स्केट्स बांधून बघायला आली होती, आणि ब्लॉसमने तिच्या तीन मावसबहिणी आणल्या होत्या. मी म्हटलं, "हो." ते खोटंही नव्हतं. तपासलं होतंच.

सबनीसकाकांचं भाषण सुरू होतं. ते विमानासाठी थांबत नसत, हा त्यांचा आणखी एक विशेष. "...आणि म्हणूनच आजच्या युवा पिढीला..." इथपर्यंत ऐकू आलं, पुढचं विमानाने नेलं, आणि परत ऐकू आलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. बाबांचा उल्लेख बहुधा त्या विमानात गेला. मी उताराच्या वरच्या टोकाला उभी होते, पिवळं हेल्मेट, वेल्डरचे मोजे, हातात निशिगंधाचा गुच्छ. खूण झाली. मी सुटले.

पहिली दहा-बारा पावलं ठीक गेली. मग डावा पाय मागे राहायला लागला, जसा बाजारात मूल आईचा हात धरून मागे ओढत राहतं तसा. नंतर तो एकदम थांबला आणि बाकीची मी पुढे गेले. उजवी टाच दाबायला जागाच उरली नव्हती. समोर फीत, फितीमागे सबनीसकाका, त्यांच्यामागे मखमली पडद्याने झाकलेला फलक. पण गादीवरचे ते आठ दिवस अंगात कुठेतरी साठून राहिले होते. गुडघे वाकले. गुडघे, कोपरं, तळहात, बोटं वर. मी चामड्याच्या पॅडवरून घसरत फितीखालून पलीकडे गेले आणि काकांच्या कोल्हापुरी वहाणांपाशी थांबले. गुच्छ उडाला. काकांनी तो झेलायला हात वर केले, तोल सावरायला मागचा पडदा धरला, आणि तो घेऊन खाली बसले.

फलक उघडा पडला. मग मखमलीच्या आतून आवाज आला, "अशा प्रकारे अनावरण झाल्याचं मी जाहीर करतो!" मनुष्य पोकळ असेल, पण प्रसंगावधान होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ब्लॉसमच्या मावसबहिणींना हे असंच ठरलेलं वाटलं आणि त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवा म्हटलं.

मी उठले. गुडघे धड, कोपरं धड. मी हसून आईकडे पाहिलं. ती बायकांमध्ये आपट्याची पानं हातात घेऊन उभी होती आणि माझ्याकडे नाही, माझ्या हनुवटीकडे बघत होती. पडताना दात ओठात रुतले होते. पिवळ्या हेल्मेटच्या पट्ट्यावर लाल ठिपका अगदी ठसठशीत दिसत होता. आईने पदराने तो पुसला आणि एवढंच म्हणाली, "वर चल."

वर आल्यावर आई पुऱ्या तळायला गेली. बाबांनी झब्बा न काढताच वर्तमानपत्र अंथरलं आणि डावा स्केट उघडला. मी कोपऱ्यात ओठाला बर्फ लावून बसले होते आणि माळ्याच्या दाराकडे बघत होते. त्यांनी मागचं चाक सोडवलं. आसाभोवती तंगूस असा गुंडाळला गेला होता की रिळावरसुद्धा आई तो इतका नीट गुंडाळत नसे. घासून थोडा वितळून चिकटलाही होता, त्यात कुंकू आणि तांदळाचे दोन दाणे. बाबांनी तो पकडीने हळूहळू उलगडला. शेवटी टोक आलं आणि टोकाला गाठ. तीन वेढ्यांची, टोकं आत दडवलेली. ती गाठ आमच्या अख्ख्या इमारतीला माहीत होती. लोणच्याच्या बरण्यांवरची फडकी आई त्याच गाठीने बांधायची आणि ती सुटत नाही म्हणून शेजारणी बरण्या आमच्याकडेच परत आणायच्या.

स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन आई उभी होती. तिने गाठ पाहिली. बाबांनीही ती पाहिली आहे, हेही पाहिलं. बाबांनी तंगूस गोळा करून झब्ब्याच्या खिशात टाकला, वही ओढली आणि लिहायला लागले. लिहिताना ते ओठ हलवत, त्यामुळे सगळं कळायचं. यंत्र: स्केट, डावा. बिघाड: मागचं चाक, आसात दोरा. कारण: पूजेच्या दिवशी, तपासणी न करता यंत्र चालू केलं. जबाबदार: स्वतः. सही.

"मी विचारलंय तिका, तपासलंस मा म्हणान," ते स्वतःशीच म्हणाले. "पण विचारणां म्हणजे तपासणां नाय." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आईने झारा ठेवला, हात पदराला पुसले आणि वही स्वतःकडे ओढली. त्या वहीला तिने याआधी फक्त एकदा हात लावला होता, तिच्यावरून रॉकेलचा डाग पुसताना. बाबांच्या नोंदीखाली तिने लिहिलं: 'तंगूस मी बांधला होता.' खाली सही केली, रेशनकार्डाच्या अर्जावर करायची तशी पूर्ण, सासरच्या नावासकट.

"पुरी जळता," बाबा म्हणाले.

"जळू दे." मग विमान आलं. ती थांबली. मला वाटलं, आता. तिने स्टूल ओढलं होतं, एक पाय त्यावर ठेवला होता. विमान गेलं. ती माळ्याकडे बघत म्हणाली, "वर दिवाळीचे डबे आहेत. ते निघाल्याशिवाय काही ठेवायला जागा नाही." आणि स्टूल परत सरकवलं.

दिवाळीला डबे खाली आले. जागेचा विषय कुणी काढला नाही. मी आणखी दीड वर्ष त्या उतारावरून सुटत राहिले, बोटं टोकाला लागेपर्यंत. मग स्केट्स ब्लॉसमच्या धाकट्या बहिणीला दिले, तेही बाबांनी तिचं पाऊल ब्राऊन पेपरवर काढून घेतल्यानंतर. त्या दसऱ्याच्या संध्याकाळी श्रीखंड ओठाला थंड लागलं, ते मला चांगलं आठवतं. चांगलं यासाठी, की तोंड भरलेलं असण्याचा तेवढा एक फायदा झाला होता. बोलावं लागलं नाही.

आता आमची इमारत पुनर्बांधणीला जाते आहे. सबनीसकाकांचा फलक बरीच वर्षं नळाखाली उपडा घातलेला होता, कपडे आपटायला. संगमरवर चांगल्या प्रतीचा निघाला. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि वॉकर घेऊन चालतात. त्याला पुढे दोन चाकं आहेत. खोलीतून बाहेर पडण्याआधी ते वाकून दोन्हींना बोटाने टिचकी मारतात आणि ऐकतात. अलीकडे कमी ऐकू येतं, तरी मारतात.

गेल्या महिन्यात माळा रिकामा करताना वही सापडली. मी ती पान पान चाळली. बाबांनी वहीत कागद कधी वाया घालवला नाही. एका नोंदीखाली लगेच दुसरी, रेघसुद्धा न सोडता, समासापर्यंत. फक्त एका ठिकाणी, त्या दसऱ्याच्या नोंदीनंतर, आईच्या सहीखाली, एक ओळ कोरी आहे. पुढची रविवारची नोंद त्याखालून सुरू होते.

मग माळ्याच्या शिडीवरून खाली आले, पेन घेतलं आणि त्या ओळीत लिहिलं: 'आठवं चाक फिरत नाही हे मला कळलं होतं. मी बोलले नाही.' ओळ बरोबर भरली. वही बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी भिंग घेतलं आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. आधी स्वतःचं, मग आईचं. तिथे जरा जास्त वेळ. मग माझं. ते मान वर करून काही बोलणार तेवढ्यात विमान आलं. आम्ही दोघंही थांबलो, सवयीने, तो आवाज दूर विरेपर्यंत.

"आणि सही खंय आसा?" बाबा म्हणाले.